चाळलेल्या मातीची भिंत

मेगनच्या ग्रीनहाउसची काच मी फोडली. एअर रायफलच्या छर्ऱ्यानं. त्यानंतर अर्ध्या तासात तिच्या नवऱ्यानं मला सरळ विचारलं, तेव्हा मी नाही म्हणालो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, आसावरीला नाही. आमच्या मुलीला, रेवाला नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ती मेगन तर शेजारच्याच घरात राहते, मध्ये छातीएवढं लाकडी कुंपण आहे, त्यावरून आम्ही रोज एकमेकांना हात करतो, तिलाही नाही.

सात वर्षं झाली त्याला.

परवा दसऱ्याच्या सकाळी मेगननं कुंपणावरून झेंडूची पिशवी दिली. दर वर्षी देते. टोमॅटोच्या रोपांना कीड लागू नये म्हणून ती ग्रीनहाउसमध्ये त्यांच्या पायाशी झेंडू लावते, आणि आमच्या दसऱ्याला ही फुलं लागतात हे कळल्यापासून चार रोपं जास्तच लावते. या वर्षी पिशवी तिनं दोन्ही हातांनी उचलून दिली. एक्क्याऐंशी वर्षांची आहे. म्हणाली, "हे शेवटचेच हं. वसंतात मी मुलीकडे राहायला चाललेय, बर्मिंगहॅमला. तिथं खिडकीत एक कुंडी मावली तरी पुष्कळ."

मी पिशवी घेतली. थँक्यू म्हणालो. थँक्यू म्हणायला मला कधीच अडचण आलेली नाही.

आम्ही राहतो ते कार्डिफच्या टोकाला, शहर संपून मेंढ्या सुरू होतात तिथं. घरामागची बाग लांबट आहे, चढत जाणारी, आणि चढ संपतो तिथं मातीचा उंच बांध आहे. त्यापलीकडे माळ. ऑक्टोबरमध्ये या बागेला एक वास येतो: कुजणारी सफरचंदं, भिजलेलं लाकूड, कुणाच्या तरी चुलीचा पहिला धूर. तो वास आला की माझ्या तळहातांना चाळणीची लाकडी कड आठवते. बाकी आठवणी डोक्यात असतात, ही हातात आहे.

त्या वर्षी रेवा चौदाची होती. शाळेतून यायची आणि खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. काय झालं विचारलं तर "काही नाही, इट्स फाइन." आसावरी जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायची, आणि आम्ही दोघं खाली बसून वर पावलं वाजतात का ते ऐकायचो. त्या उन्हाळ्यात शेजारचा ग्विन, मेगनचा नवरा, तिला सहज त्याच्या क्लबात घेऊन गेला. रायफल क्लब. ग्विन तिथं तीस-एक वर्षं रेंज ऑफिसर होता, म्हणजे लोक नेम धरतात तेव्हा सगळं सुरक्षित आहे ना हे बघणारा, शिट्टी मारून सगळ्यांना थांबवणारा माणूस. रेवा परत आली ती बोलतच आली. श्वास कसा धरायचा, ट्रिगर ओढायचा नाही, दाबायचा. "बाबा, तो रायफल इतका शांत असते ना, की आपण पण शांत होतो." तिचं मराठी असंच आहे. त्या दिवशी मी तिची एकही चूक दुरुस्त केली नाही. कितीतरी महिन्यांनी ती आपण होऊन माझ्याशी बोलत होती.

म्हणून रायफल घेतली. माझ्या नावावर, कारण तिचं वय बसत नव्हतं. इथला नियम सोपा आहे: आपल्या बागेत एअर रायफल चालवायला हरकत नाही, पण छर्रा आपल्या हद्दीबाहेर जाता कामा नये. मी तो नियम छापून फ्रिजवर लावला होता.

रायफल आली आणि आठवड्यात दसरा आला. दसऱ्याला आमच्या घरी शस्त्रांची म्हणून जी पूजा होते, तिच्यात एरवी माझे स्क्रू-ड्रायव्हर, मल्टिमीटर आणि आसावरीची विळी असते. या वेळी खरंखुरं शस्त्र होतं. पाटावर लाल कापड, त्यावर रायफल, कुंकवाचं बोट. पूजा करून आसावरी कामावर गेली, रेवा शाळेत. मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. घरात एकटा होतो, आणि मनात आलं, आज मुहूर्त चांगला आहे, मुहूर्ताचा एक तरी मारावा. बॅकस्टॉप, म्हणजे छर्रा अडवायची भिंत, अजून बांधली नव्हती. ती शनिवारी बांधायची ठरत होती. पण शनिवारी दसरा नसणार. चांगल्या दिवशी आरंभ करावा, एवढा एकच विचार. नवी गाडी घेतली की लिंबावरून नेतो, नवं घर घेतलं की दूध उतू घालतो, तसंच हे. बंदुकीचाही मुहूर्त साधावा असं आमच्यासारख्यालाच सुचणार.

बागेच्या कडेला फरशीचा एक दगड कुंपणाला टेकवून ठेवलेला होता. मजबूत, दोन इंच जाड. त्यावर कागदी टार्गेट चिकटवलं. दगडातून काय आरपार जाणार? तो माझा हिशेब.

छर्रा आरपार गेला नाहीच. तो दगडाच्या कडेला लागला आणि उडाला. आवाज फार छोटा झाला, चमचा पडावा तेवढा. कुंपणापलीकडे ग्विन कानांना मफ लावून स्ट्रिमरनं, म्हणजे गरगर फिरणाऱ्या दोरीच्या यंत्रानं, कडेचं गवत कापत होता, त्या घरघरीत तोही बुडाला. मी मान वर केली, तेव्हा ग्रीनहाउसच्या एका काचेच्या जागी काळा चौकोन होता.

त्या काचेच्या आत एक लाकडी स्टूल असतं. मेगन त्यावर बसून फुलं खुडते. रायफल उचलायच्या आधी, दोनच मिनिटांपूर्वी, मला काचेतून तिचं निळं स्वेटर दिसलं होतं. दिसलं होतं, आणि मी त्याकडे बघितलं नव्हतं.

मी रायफल आत ठेवली, कुंपणाला वळसा घालून त्यांच्याकडे गेलो. जाताना वाक्य तयार होतं. "मेगन, ग्विन, माझी चूक झाली." इंग्रजीत तर ते अगदीच सोपं आहे. मी पोचलो तर मेगन दारात उभी, हातात कात्री. फुलं कापायला कात्री आणायला ती घरात गेली होती. स्टुलावर झेंडूचा छोटा ढीग आणि त्या ढिगात काचा. आमच्या दाराच्या तोरणासाठीची फुलं होती ती.

ग्विन स्ट्रिमर हातात धरूनच उभा होता. चेहऱ्याचा रंग उडालेला. "स्ट्रिमरनं दगड उडाला असणार," तो म्हणाला. "मी आधी बघितलं नाही. तीस वर्षं लोकांना सांगतोय, आधी बघा, आणि मीच बघितलं नाही."

"मी आत असते तर?" मेगन म्हणाली. रागानं नाही. नुसतं विचारलं.

माझं वाक्य तिथंच राहिलं. आणि मग ग्विन माझ्याकडे वळला, विषय बदलायला असेल, म्हणाला, "रेवा सांगत होती, रायफल आली म्हणे. हे बघ बट, मी तुला भिंत बांधून देतो. नीट. तोवर त्या बागेत एकही छर्रा नाही. अजून मारला नाहीस ना?"

बट म्हणजे इकडच्या खोऱ्यांतल्या भाषेत दोस्त.

"नाही," मी म्हणालो.

मेगननं त्या फुलांतून एकेक काच वेचली, फुलं धुतली, आणि संध्याकाळी आणून दिली. आसावरीनं त्यांचं तोरण केलं. आठवडाभर मी त्या तोरणाखालून ये-जा केली.

त्यानंतरचे पाच आठवडे माझ्या आयुष्यातले फार चांगले आठवडे होते. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे ते लिहायचं ठरवलंय.

ग्विननं पहिल्या दिवशी काहीच बांधलं नाही. तो नुसता बागेत फिरला. इथं उभा राहा, तिथं बस, गुडघ्यावर ये. प्रत्येक ठिकाणाहून विचारायचा, "आता तुझ्या टार्गेटच्या मागं काय दिसतं?" मी सांगायचो. कुंपण. तुझं छप्पर. वाट. त्यानं मान हलवली, आणि शेवटी मला मागच्या अंगणाच्या पायरीवर उभं करून बागेच्या चढाकडे तोंड करायला लावलं. "आता?" माती, मी म्हणालो. "आणि तिच्या मागं?" अजून माती. "मग इथंच."

तो दगड त्यानं बघितला. टार्गेट मी काढलं होतं, पण कडेला एक करडा ठिपका होता, शिशाचा. त्यानं तो बघितला की नाही, मला माहीत नाही. सात वर्षं मी त्यावर विचार केलाय. त्यानं फक्त दगडाला बुटाचं टोक लावलं आणि म्हणाला, "असलं काही नको. कडक वस्तू थांबवत नाही, परत पाठवते. थांबवतं ते मऊ."

मग शनिवार-रविवार काम. रेल्वेच्या रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर तो कुठूनसे घेऊन आला. बांधाला लागून त्यांची तीन बाजूंची पेटी केली, माझ्या खांद्यापेक्षा उंच, आणि रुंदी एवढी, की मी हसलो. "टार्गेट तर बशीएवढं आहे!"

"भिंत तुझ्या चांगल्या नेमासाठी बांधत नाहीत, बट. वाईट दिवसासाठी बांधतात. हात घसरेल, शिंक येईल, पोरगी रडवेली होऊन येईल, त्या दिवसासाठी."

पेटीत भरायला माती हवी होती, पण खड्याशिवायची. एक खडा राहिला तरी छर्रा त्यावरून उलटा येऊ शकतो. ग्विनकडे माती चाळायची मोठी गोल चाळणी होती, ती आम्ही दोघं धरून हलवायचो. ओली माती, चाळणीला लोण्यासारखी चिकटायची. तासाभरात दोन घमेली. तिसऱ्या रविवारी आसावरी हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. शेवटी शाल गुंडाळून बाहेर आली, घरातलं सगळ्यात मोठं स्टीलचं ताट घेऊन. त्यात माती पसरली, मांडीवर घेतली आणि तांदूळ निवडावेत तशी निवडायला लागली. बोटं भराभर, नजर भलतीकडेच.

"अरे, तू इंजिनियर ना?" ती मला म्हणाली. "आधी वाळवा तरी. ओले तांदूळ कुणी निवडतं का?"

ग्विनला मी भाषांतर करून सांगितलं. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग गॅरेजमध्ये प्लास्टिकचा कागद पसरून माती वाळत टाकली, आणि रोज संध्याकाळी साडेपाचला, दिवा लावून, आम्ही सगळे ताटं घेऊन बसायचो. मी, आसावरी, रेवा, ग्विन. मेगन चहा आणायची आणि तव्यावरचे गरम वेल्श केक, पण हात साबणानं धुतल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही. रेवा आसावरीशेजारी बसून शिकत होती, खडा अंगठ्यानं कसा बाजूला सारायचा. "आई, हे तर मेडिटेशन आहे." "हो, आणि याचा भातसुद्धा होतो," आसावरी म्हणाली. त्या गॅरेजमध्ये रेवानं एका संध्याकाळी, मातीकडे बघत बघत, शाळेत मुली तिला काय म्हणायच्या ते सांगितलं. कुणाला उद्देशून नाही. सगळ्यांना. ग्विननं फक्त आपल्या ताटातला एक खडा उचलून तिच्या खड्यांच्या ढिगात टाकला, आणि रेवा हसली.

त्या रात्रीपासून ताट दाराबाहेर ठेवावं लागलं नाही. माझ्या मुलीला तिचा आवाज परत मिळाला तो चाळलेल्या मातीत, आणि ती माती त्या माणसानं चाळली, ज्याला मी फसवलं होतं.

पुढे मातीच्या तोंडावर जुन्या गालिच्याचे दोन पट्टे लोंबते सोडले, जरा अंतर ठेवून. ताणून बांधायचे नाहीत, ग्विन सांगायचा, लोंबते राहिले तरच जोर पितात. वर फळीचं छप्पर, माती वाहून जाऊ नये म्हणून. बाजूला आडोशाचे दोन पंख. पायरीपाशी लाल झेंडा. आणि एक नियम: प्रत्येक वेळी, रायफल उचलायच्या आधी, मोठ्यानं विचारायचं. कुठल्याही भाषेत. रेवानं मराठी निवडली.

"मागं कोण आहे?"

"कोणी नाही," आम्ही म्हणायचं, नीट बघून. मगच.

किती हजार वेळा ऐकलं असेल मी ते. दर वेळी 'कोणी नाही' म्हणताना डोळ्यांपुढं एक लाकडी स्टूल येतं.

हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे गेली, त्यानंतरच्या एका रविवारी भिंत पुरी झाली. रेवानं पहिला छर्रा मारला. गालिचा जरासा हलला, एवढंच. आवाज असा, की कुणी उशीवर हात ठेवावा. आसावरीनं भिंतीला हळद-कुंकू लावलं, आणि ग्विनच्या कपाळालाही. त्यानं ते दिवसभर पुसलं नाही.

चहा पिताना तो म्हणाला, "क्लबात कळवलंय मी. रेंज ऑफिसरचं काम सोडतोय."

"का?" मी विचारलं. मला माहीत होतं का ते.

"जो माणूस स्वतःच्या बायकोवर दगड उडवतो, त्यानं दुसऱ्यांच्या बंदुकींच्या नळ्यांवर लक्ष ठेवू नये. नजर गेली की आधी आपल्यालाच कळायला हवं. बरं झालं, कुणाला लागायच्या आधी कळलं."

खरं तर तीच वेळ होती. दुसरी इतकी स्वच्छ वेळ मिळणार नव्हती. मी स्वतःला सांगितलं, रेवासाठी गप्प बसतोय. आता सांगितलं तर ग्विन रायफल काढून घ्यायला लावेल, आणि ती पुन्हा खोलीत जाईल. ऐकायला चांगलं कारण आहे. पण मी रेवासाठी गप्प बसलो नव्हतो. समोरच्या माणसाच्या कपाळावर माझ्या बायकोनं लावलेलं कुंकू होतं, आणि त्याच्या नजरेत मी जो कुणी होतो तो मला तसाच राहायला हवा होता. एवढंच कारण होतं ते.

त्यानं खिशातून शिट्टी काढली, पितळेची, कडा झिजलेल्या, आणि माझ्या हातात दिली. "आता या रेंजचा ऑफिसर तू."

ती शिट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी ती एकदाही वाजवलेली नाही.

स्ट्रिमरही त्यानं पुन्हा हातात घेतला नाही. गवत मेगन कात्रीनं कापायची, आणि आल्या-गेल्याला सांगायची, "याच्या हाती यंत्र देऊ नका, हा मला मारायला निघाला होता." सगळे हसायचे, ग्विनही. हसता हसता तो स्वतःच्या हातांकडे बघायचा. हे फक्त मला दिसायचं, कारण फक्त मीच तिकडे बघायचो. मागल्या वर्षीच्या आधीच्या हिवाळ्यात तो गेला. शेवटच्या निरोपाच्या वेळी मेगनच्या मुलीनंही तो किस्सा सांगितला, आणि लोक डोळे पुसत हसले. मी पाचव्या रांगेत होतो. मीही हसलो.

मी हॉस्पिटलात यंत्रांची देखभाल करतो. तिथं एक फॉर्म असतो, 'निअर मिस'चा. कुणाला काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं, तर तो भरायचा. नव्या लोकांना तो मीच शिकवतो. त्यांना सांगतो, काही झालं नाही म्हणून लपवू नका. तुम्ही लपवलेलं कुणीतरी दुसरा उचलून फिरतो. पोरं मान हलवतात. मला वाटतं त्यांना पटतं, कारण मी ते फार पोटतिडकीनं सांगतो.

या ऑक्टोबरात भिंतीची माती बदलायला काढलीय. स्लीपर एका बाजूनं मऊ पडलेत, ते बदलावे लागतील. रेवा आता बर्मिंगहॅमला नोकरी करते, सुट्टीत आली की नेम धरते. फोनवर म्हणाली, "बाबा, माती नीट चाळ हं. आईच्या ताटात." मी ताट घेऊन गॅरेजमध्ये बसतो. जुन्या मातीत शिशाचे चपटे झालेले शेकडो तुकडे निघतात, नखाएवढे, करडे. हातमोजे घालून एका डब्यात गोळा करतो. प्रत्येक तुकडा म्हणजे कुठंतरी न गेलेला छर्रा. एवढे सगळे अडवले गेले. त्या माणसानं अडवले. मी एकेक काढतो आणि मनात आपोआप त्याचे आभार मानले जातात. सात वर्षांत एकदाही काही झालं नाही. जो एक गेला तो भिंतीच्या आधीचा, आणि तो या डब्यात कधी येणार नाही.

काल दुपारी मेगननं कुंपणावरून हाक मारली. घर आवरतेय. तिच्या बाजूला स्ट्रिमर उभा होता, दोरी अजून गवतानं हिरवी.

"हा तू घे," ती म्हणाली. "सात वर्षं नुसता उभा आहे. बिचाऱ्याचा काय दोष? चुकलं ते ग्विनचं. आणि त्यानं मला शेवटपर्यंत सॉरी म्हटलं, माहितीये? दर दसऱ्याला. तुमची फुलं काढायला लागले की यायचा आणि म्हणायचा, मेग, सॉरी हं."

हे मला माहीत नव्हतं.

मी कुंपणावरून स्ट्रिमर घेतला. वजनाला हलका होता. थँक्यू म्हणालो, आणि ती आत गेली.

तो आता गॅरेजमध्ये माझ्यासमोर भिंतीला टेकून उभा आहे, आणि मी हे मराठीत लिहितोय. मेगनला मराठी वाचता येत नाही, रेवालाही धड येत नाही. म्हणजे हेही एक प्रकारे दगडामागं उभं राहणंच आहे, हे मला कळतं. या सगळ्यांनी मला फार दिलं. आसावरीचं ताट, रेवाचा आवाज, मेगनची फुलं, ग्विनची भिंत. त्याबद्दलची कृतज्ञता खरी आहे. पण कृतज्ञ असणं मला नेहमीच सोपं गेलं आणि तेवढ्यावर मी भागवत आलो.

ग्विनला आता काही देता येणार नाही. मेगन वसंतात जाणार आहे. तोवर तिच्या दारात उभं राहून, तिच्या भाषेत, मी तिला एवढं सांगायचं देणं लागतो: दगड उडाला नव्हता, ग्विननं काही केलं नव्हतं, काच मी फोडली.